छत्री, सूट आणि भागधारक

मल्हारराव होळकरांचे नाव धारण करणारी इंदूरची मल्हारगंज ही पेठ समुद्रापासून शेकडो मैल दूर, माळव्याच्या पठारावर वसलेली आहे. तेथून राजवाडा जवळ, सराफा जवळ, पण बंदर मात्र फार लांब. अशा पेठेत बसून आगबोटींच्या भाड्याविषयी, तिकिटावरील सुटीविषयी आणि आगबोट कंपन्यांच्या भागधारकांविषयी बोलायचे, हे कोणास विचित्र वाटेल. परंतु माळव्याचा आणि समुद्राचा संबंध समजतो तेवढा परका नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूरच्या काट्यावर तोलली जाई, तिच्यावर इंग्रज सरकारचा परवाना-कर भरला जाई आणि मग ती पेट्यांतून मुंबई बंदरी व तेथून चीनकडे जाई. इंग्रजांनी मुंबईमार्गे माल नेण्याचे हे परवाने १८३० साली सुरू केले. १८४३ साली सिंध त्यांच्या हाती पडून कराचीकडची आडवाट बंद झाली, तेव्हा त्यांनी कर चढवीत नेला. मुंबईहून चीनकडे अफू नेणाऱ्या आगबोटींमध्ये पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, म्हणजे सर्वतोमुखी असलेली ‘पी. अँड ओ.’ ही कंपनी प्रमुख होती. माळव्यातील ज्या सावकाराने समुद्र उभ्या जन्मात पाहिला नव्हता, त्याच्या नफ्यातील एक हिस्सा या कंपनीच्या भाड्यात जात असे. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुनःपुन्हा भेटणार आहे.

वाहतुकीच्या धंद्यात पैसा गुंतवावा आणि त्याच वाहतुकीचा लाभही घ्यावा, ही कल्पना इंदूरला नवी नव्हती. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खांडव्याहून इंदुरास लोहमार्ग यावा म्हणून इंग्रज सरकारास एक कोट रुपयांचे कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत एकशे एक वर्षे. रस्त्याची जमीनही दरबाराने विनामूल्य दिली. खांडवा ते सनावद हा पहिला टप्पा १८७४ मध्ये आणि नर्मदेवरील पूल १८७६ मध्ये खुला झाला. महाराजांना व्याज मिळावयाचे होतेच, पण त्यांना खरे हवे होते ते राजधानीच्या दारात आलेले स्टेशन. पैसा लावणाऱ्याला व्याजाखेरीज आणखी काही हवे असते, आणि पुष्कळदा ते ‘आणखी काही’ म्हणजे त्या सेवेचा स्वतःस होणारा उपयोग असतो, ही गोष्ट या व्यवहारात फार स्पष्ट दिसते. एकशे एक वर्षांची मुदत संपण्यापूर्वी संस्थानच मध्य भारतात विलीन झाले, हा भाग निराळा.

आजच्या काळात हीच गोष्ट एका अगदी वेगळ्या, मौजेच्या क्षेत्रात पाहावयास मिळते. समुद्रपर्यटनाची जी मोठमोठी जहाजे अमेरिका-युरोपच्या बंदरांतून निघतात, त्यांपैकी फार मोठा ताफा ‘कार्निव्हल’ या एका कंपनी-समूहाचा आहे. या समूहाने आपल्या भागधारकांसाठी वर्षानुवर्षे एक सवलत ठेवली. ज्याच्याजवळ निदान शंभर भाग आहेत, त्याने सफर ठरविली की जहाजावरील त्याच्या खर्चखात्यात काही रक्कम कंपनी आपण होऊन जमा करी : सहा दिवसांपर्यंतच्या सफरीस पन्नास डॉलर, सात ते तेरा दिवसांच्या सफरीस शंभर आणि चौदा दिवस वा अधिकच्या सफरीस अडीचशे. अशाच धर्तीची योजना ‘रॉयल कॅरिबियन’ या प्रतिस्पर्धी कंपनीनेही शंभर भागांचीच अट घालून ठेवली.

आता चतुर प्रवाशाची खरी विद्या येथून पुढे सुरू होते. तिकीट विकणारा दलाल आपल्या दलालीतून गिऱ्हाइकाच्या खात्यात काही रक्कम टाकतो. मागील सफरीत असतानाच पुढील सफरीची अनामत भरली असेल तर त्याबद्दल कंपनी निराळी रक्कम देते. हंगामाच्या जाहिरातीतही काही देऊ केलेले असते. या साऱ्यांवर भागधारकाची जमा चढवावयाची. समजा, आठवड्याच्या सफरीस भागधारक म्हणून शंभर डॉलर, दलालाचे पाऊणशे आणि जाहिरातीतील पन्नास असे मिळाले, तर सव्वादोनशे डॉलरची पुंजी घेऊनच मनुष्य जहाजावर चढतो. भागधारकाची जमा इतर जमांच्या जोडीला सामान्यतः चालते. मात्र जो मुळातच कर्मचाऱ्याच्या, दलालाच्या वा फुकटाच्या दराने प्रवास करतो, त्याला ती मिळत नाही.

या योजनेतील बारकावे पाहण्यासारखे आहेत. सवलत खोलीमागे एक. पती आणि पत्नी दोघांच्याही नावे शंभर-शंभर भाग असले तरी एका खोलीत एकच जमा. भाग आपल्या नावे असल्याचा दाखला आणि आरक्षणाचा क्रमांक जहाज सुटण्याच्या काही आठवडे आधी पाठवावा लागे. जहाजावर चढल्यानंतर कागद दाखवून उपयोग नाही. रोख मागता येत नाही, दुसऱ्यास देता येत नाही, आणि सफर संपताना जी उरेल ती बहुधा बुडते. म्हणून जाणते लोक परत मिळू शकणारी जमा शेवटी वापरतात आणि बुडणारी आधी संपवितात. याखेरीज कार्निव्हलच्या पत्रकात दोन खर्च स्पष्टपणे वगळलेले असत : एक जहाजावरील जुगार आणि दुसरा नोकरवर्गाला द्यावयाची बक्षिसी. जुगार वगळला हे ठीकच. पण ज्या खोलीवाल्याने आठ दिवस अंथरूण घातले, ज्या वाढप्याने ताट मांडले, त्याची बक्षिसी उतारूने आपल्या गाठीच्या पैशांतूनच दिली पाहिजे, ही अट मला या साऱ्या पत्रकातील सर्वांत शहाणपणाची वाटते. अशा जहाजांवर काम करणाऱ्यांत गोव्याकडील आणि कोकणातील मुले पुष्कळ असतात, हे आपणांस ठाऊकच आहे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, हे अमेरिकन व्यापाऱ्यांचे नवे खूळ दिसते. पण उतारूला लालूच दाखवून बोटीवर आणण्याचा आणि भागधारकाला उतारू बनविण्याचा खेळ आपल्याच किनाऱ्यांवर, आपल्याच आजोबा-पणजोबांच्या हयातीत फार अटीतटीने खेळला गेला आहे, आणि त्यात माणसांची आयुष्ये पणाला लागली आहेत.

पहिला देखावा बंगालचा. १८८४ साली रवींद्रनाथांचे वडील बंधू ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर यांनी खुलना-बारिसाल या नदीमार्गावर स्वतःची आगबोट सुरू केली. तिचे नाव ‘सरोजिनी’. त्या मार्गावर फ्लोटिला नावाची गोऱ्यांची कंपनी आधीच होती. दोघांत चुरस लागली, भाडी उतरू लागली आणि उतरता उतरता शून्यावर आली. रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत थट्टेने लिहिले आहे की, त्या काळी तेथे उतारू तिकिटावाचून तर जातच, वर त्यांना फराळही मिळे. ज्योतिरिंद्रनाथ कर्जात बुडाले. त्यांची एक बोट हावड्याच्या पुलावर आपटून बुडाली, आणि तेथेच तो उद्योग आटोपला. येथे भागधारक असे कोणी नव्हते; एकट्या घराण्याची थैली होती, ती रिकामी झाली.

दुसरा देखावा यापेक्षा मोठा. तमिळ देशातील तुतिकोरीन आणि सिंहलद्वीपातील कोलंबो यांमधील वाहतूक ‘ब्रिटिश इंडिया’ कंपनीच्या हाती होती. लोकमान्य टिळकांना गुरुस्थानी मानणारे वकील व. उ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ च्या ऑक्टोबरात तेथे ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ नोंदविली. भांडवल दहा लक्ष रुपये, भाग चाळीस हजार, प्रत्येक भाग पंचवीस रुपयांचा. भाग घेण्याची मुभा केवळ आशियातील लोकांना. पंचवीस रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे, तरी एखाद्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचीही नव्हे. बोटी भाड्याने मिळेनात तेव्हा पिल्लै मुंबईस आले, आणि त्यांच्या खटपटीतून ‘गॅलिया’ व ‘लावो’ या दोन बोटी कंपनीच्या झाल्या.

मग तेच सुरू झाले. ब्रिटिश इंडियाने भाडे माणशी एक रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने ते आठ आण्यांवर आणले. त्यावर ब्रिटिश इंडियाने जाहीर केले की उतारूंना फुकट नेऊ, आणि वर प्रत्येकास एक छत्री देऊ! छत्री ही त्या किनाऱ्यावर उन्हापावसाची रोजची गरज; फुकट बोट आणि फुकट छत्री, दोन्ही एकत्र. आज ज्याला आपण सवलतींवर सवलत चढविणे म्हणतो, त्याचा याहून ठळक नमुना दुसरा नसेल. तरीही ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ जवळजवळ भरून जात, असे इतिहासकार सांगतात. लोक आठ आणे देऊन आपल्या बोटीवर चढत आणि फुकटाची छत्री सोडून देत.

येथे क्षणभर थांबून हिशेब पाहिला पाहिजे. स्वदेशी कंपनीचा भागधारक जेव्हा स्वतःच्या बोटीने आठ आण्यांत कोलंबोस जाई, तेव्हा उतारू म्हणून त्याला आठ आण्यांची बचत होई आणि भागधारक म्हणून तेवढाच तोटा. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्याचा तो व्यवहार. ब्रिटिश इंडियाचे तसे नव्हते. तिचा भागधारक लंडनला बसलेला. तुतिकोरीनला जे गेले ते रंगून, कलकत्ता, पूर्व आफ्रिका अशा पन्नास मार्गांवरून भरून काढता येत होते. छत्रीची किंमत त्या पन्नास मार्गांवरचे उतारू देत होते. एकाच मार्गावर उभ्या असलेल्या कंपनीने अशा शत्रूशी सुटीच्या हत्याराने लढणे म्हणजे विहिरीने समुद्राशी पाणी ओतण्याची पैज लावणे. १९०८ साली सरकारने पिल्लै यांना राजद्रोहासाठी पकडले. जन्मठेपेची शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली, पण तुरुंगात त्यांना तेलाचा घाणा ओढावा लागला. १९१२ च्या अखेरीस ते सुटले, त्याआधीच कंपनी मोडीत निघाली होती. पंचवीस रुपये देणाऱ्या दुकानदारांच्या हाती भागांचे कागद तेवढे राहिले.

आपल्या कोकणातही याच भावनेचे रोप लागले होते. रेवस, हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मुंबईशी आगबोटींनी जोडलेली. किनाऱ्याला धक्का नसे तेथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि होड्या-पडावांतून, कडेवर पोर आणि डोक्यावर बोचके घेऊन, माणसे तिच्यावर चढत. हा मार्ग गोऱ्या कंपन्यांच्या ताब्यात होता. त्यांच्याशी टक्कर देण्यास ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ उभी राहिली. हे लांबलचक नाव कोकणी माणसाच्या जिभेवर बसणे शक्य नव्हते. त्याने तिला नाव दिले ‘माझी आगबोट कंपनी’. सहकार, भागभांडवल, स्वदेशी या साऱ्या शब्दांचा अर्थ त्या एका ‘माझी’त आला आहे. बोटींना नावेही तुकाराम, रामदास, सेंट अँथनी अशी संतांची दिली. वारकऱ्याला आणि किरिस्तावाला, दोघांनाही आपली वाटावी अशी.

या कंपनीचा इतिहास सुखाचा नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी कोकण किनाऱ्यावरील वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असता, ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि मुंबईपासून काही मैलांवरच उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढाची अखेर होती. सणासाठी गावी निघालेली माणसे बोटीत दाटीने भरली होती. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्यामुळे पोहत आलेले लोक सांगेपर्यंत मुंबईला पत्ता लागला नाही. या अपघाताच्या कारणांचा ऊहापोह येथे करीत नाही. पण स्वस्त भाड्याची चर्चा करताना, भाडे कमी होते तेव्हा त्याची किंमत कोठून तरी वसूल होते, हे ‘रामदास’ आठवल्यावाचून सांगता येत नाही.

मालवाहतुकीत सूट हे हत्यार याहून सफाईने वापरले गेले. १८७५ साली कलकत्ता-इंग्लंड मार्गावरील कंपन्यांनी आपसांत संगनमत केले आणि दोनच वर्षांत एक युक्ती काढली. व्यापाऱ्याने भाडे पुरे भरावे. त्यातील काही टक्के त्याच्या नावे जमा राहतील. तो पुढील काही महिने संगनमतातील बोटींनीच माल पाठवीत राहिला तरच ते परत मिळतील. एक पोते जरी परक्या बोटीने गेले तरी सारी जमा बुडाली. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा ओलीस ठेवून त्याची निष्ठा विकत घ्यावयाची. जहाजावरील जमा आणि ही लांबणीवरची सूट यांचे कूळ एकच आहे. दोन्हींत पैसा गिऱ्हाइकाच्या नावावर दिसतो, पण तो हाती यावयाचा कंपनीने आखलेल्या वाटेनेच.

या यंत्राशी खरी झुंज दिली ती सिंदिया कंपनीने. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी १९१९ च्या मार्चमध्ये ही कंपनी काढली. तिच्या नावातला सिंदिया म्हणजे आपल्या माळव्याचे शेजारी, ग्वाल्हेरचे शिंदे. माधवराव महाराजांनी पहिल्या महायुद्धात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही मोठी बोट विकत घेऊन हिंदी सैनिकांसाठी तिचे तरते इस्पितळ केले होते आणि तिला ‘लॉयल्टी’ असे नाव दिले होते. तीच बोट वालचंदांनी घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनकडे निघाली. हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. माळव्यापासून समुद्र दूर असला तरी हिंदी जहाजवाहतुकीचा आरंभ ज्या बोटीने मानतात ती उज्जयिनीच्या धन्याची होती, हे मल्हारगंजातील वाचकाला सांगण्याजोगे आहे.

सिंदिया कंपनी बाजारात येताच रंगूनहून मुंबईस येणाऱ्या तांदळाचे भाडे प्रतिपक्षाने टनाला अठरा रुपयांवरून सहा रुपयांवर पाडले. समोर होते लॉर्ड इंचकेप. १९१४ साली ब्रिटिश इंडिया आणि पी. अँड ओ. या दोन कंपन्या एक झाल्या होत्या आणि दोहोंची सूत्रे त्यांच्याकडे होती. वालचंद विकले गेले नाहीत, पण १९२३ मध्ये कंपनीला करार करावा लागला, आणि त्यात तिच्या वाढीस दहा वर्षांची वेसण बसली. पुढे १९२८-२९ च्या सुमारास साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयके आणली. त्यांतील एक किनारी वाहतूक हिंदी बोटींसाठी राखून ठेवण्याचे, तर दुसरे याच लांबणीवरच्या सुटीची पद्धत बंद करण्याचे होते. इंग्रजांच्या राज्यात ती तडीस गेली नाहीत. सुटीसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर कायदेमंडळात भांडण व्हावे, यावरून ती किती क्षुल्लक होती ते दिसते.

आता सुरुवातीस ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या नावाकडे वळू. माळव्याची अफू वाहणारी पी. अँड ओ.; तिच्यात १९१४ साली मिळालेली, तुतिकोरीनला छत्र्या देऊ करणारी ब्रिटिश इंडिया. या पी. अँड ओ.ने २००० साली आपली पर्यटन-जहाजे वेगळी काढून ‘पी. अँड ओ. प्रिन्सेस’ ही कंपनी केली, आणि २००३ साली ती कार्निव्हल समूहात सामील झाली. मूळ पी. अँड ओ. २००६ मध्ये दुबईच्या कंपनीने घेतली. म्हणजे शंभर भागांवर शंभर डॉलरची जमा देऊ करणाऱ्या घराण्यात, एका शाखेने का होईना, त्या छत्रीवाल्यांचेच रक्त आहे.

फरक एवढाच की आज समोर कोणाला बुडवावयाचे नसून लहान भागधारकाला धरून ठेवावयाचे आहे. जमेची रक्कम शंभर भागवाल्यास जेवढी, तेवढीच लाख भागवाल्यास. त्यामुळे हिशेबी मनुष्य बरोबर शंभर भाग ठेवतो, एकशे एकावा घेत नाही. आणि त्याचा हिशेब किती नाजूक असतो, ते २०२० ने दाखविले. त्या वर्षाच्या आरंभी कार्निव्हलचा भाग पन्नास डॉलरच्या आसपास होता. शंभर भागांना पाच हजार डॉलर. आठवड्याच्या सफरीमागे शंभर डॉलर म्हणजे गुंतवणुकीवर दोन टक्के, शिवाय लाभांश. मग महामारी आली. समूहाचेच ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज फेब्रुवारीत योकोहामाच्या बंदरात अडकून पडले. त्यावरील भारतीयांत बहुसंख्य खलाशी आणि नोकरवर्ग होता. मार्चमध्ये जहाजे थांबली, लाभांश थांबला. एप्रिलच्या आरंभी कंपनीने पैसा उभा करण्यासाठी नवे भाग आठ डॉलरना विकले. पाच हजारांचे आठशे झाले. बेचाळीसशे डॉलरचा खड्डा शंभर-शंभर डॉलरच्या जमेने भरावयाचा, तर बेचाळीस सफरी कराव्या लागतील, आणि तेव्हा तर एकही जहाज हलत नव्हते!

विलायतेत असे आधीही घडले होते. १९८७ साली इंग्लंड-फ्रान्समधील समुद्राखालच्या बोगद्यासाठी साडेतीन पौंडांना भाग विकले, तेव्हा मोठी गुंतवणूक करणाऱ्यांना नाममात्र दरात प्रवासाची सवलत देऊ केली होती. पुष्कळांनी ती पाहूनच भाग घेतले. पुढे भागाची किंमत कोसळली, आणि २००७ साली कंपनीची नव्याने घडी बसवावी लागली. आपल्याकडे कायद्याचे वळण उलट आहे. भागधारकांच्या सभेत मिठाईचे पुडे आणि भेटवस्तू वाटण्याची जी जुनी चाल होती, ती २०१५ पासून कंपनी-चिटणिसांच्या नियमावलीने बंद केली.

इंदूरच्या मराठी घरांतील मुले-मुली आज अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि आई-वडिलांना जहाजाची सफर घडवून आणतात. अशा वेळी कोणी ‘शंभर भाग घेऊन ठेवा, खात्यात जमा पडते’ असे सुचविले तर निदान दोन प्रश्न विचारावेत. आपण या जहाजाने वर्षात खरोखर किती वेळा जाणार? आणि जमा नसती तरीही हे भाग आपण घेतले असते काय? दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर ते भाग म्हणजे महागाने घेतलेली छत्री होय. उत्तर होकारार्थी असेल तर दाखला वेळेवर पाठवावा, दलालाची जमा लेखी मागून घ्यावी, बुडणारी रक्कम आधी खर्चावी आणि खोलीवाल्याची बक्षिसी वेगळी काढून ठेवावी.

कोकणच्या किनाऱ्यावरून उतारूंच्या आगबोटी केव्हाच गेल्या. मुंबई-गोवा मार्गावर २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाचे पर्यटन-जहाज मोठ्या थाटाने सुरू झाले होते. तेही काही वर्षांतच कर्जापायी बंद पडले. त्यावर चढणाऱ्यांत भागधारक कोणी नव्हते, आणि ‘माझी’ असे त्याला कोणी म्हटल्याचेही ऐकिवात नाही.